धुळघाटचा वेढा अन् घरातलं पेव

मायबापहो, तुमच्यातल्या जुन्या मंडळींनी अकोल्याहून खांडव्याला जाणारी मीटरगेज गाडी पाहिली असंल. अकोट, हिवरखेड, वान रोड करत ती मेळघाटात शिरे. ओंकारेश्वराचे यात्रेकरू तिनंच जात. 2017 मधे ती मीटरगेज गाडी बंद झाली. धुळघाटाला रूळ डोंगरात गोल वेढा घेई अन् आपल्याच वरून पार होई. खिडकीतून खाली पाहावं, तं मघाचाच रूळ! नवखा माणूस घाबरून विचारी, 'काहून बाप्पा, गाडी माघारी चालली का?' माघारी नाही बाबा, वर चढली. सरळ चढ इंजिनाला झेपत नाही.

नामाचंही तसंच. वीस वर्षं माळ ओढली, तरी राग तिथंच दिसतो, म्हणून माळ खुंटीला टांगू नका. राग तोच, पण आता तुम्ही त्याला कोठून पाहता?

अन् ज्याला तो राग आज रात्रीतच उपसून काढायचा आहे, त्यानं जुन्या वाड्यातलं ज्वारीचं पेव आठवावं. तोंड माणूस जाईल एवढं, पोट मोठं. आत कोंडलेली हवा प्राण घेते. जाणता माणूस झाकण काढून पेव आधी उघडं ठेवी, मग कंदील सोडी. ज्योत विझली, तं उतरायचं नाही. जळत राहिली, तरी कमरेला दोर अन् वर दोन माणसं. मग एकेक टोपलं वर.

तुमचा दोर कोण धरणार? आधी ते माणूस शोधा. इथंच, शेजारी बसलं आहे का पाहा. विठ्ठल, विठ्ठल!