दोन सीटांची गाडी आणि दोन इंजिनं
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्याआधी तीन डॉक्टर, एक तहसीलदार आणि एक प्राध्यापिका बोलून गेल्या. मी मेकॅनिक. माईकसमोर उभं राहण्यापेक्षा गाडीखाली झोपणं मला सोपं जातं. पण सकाळपासून निदान चाळीस जणांनी विचारलं, "बाहेर ती लाल बुटकी गाडी कोणाची?" तेव्हा एकदाच सगळ्यांना सांगून टाकतो. गाडी माझी नाही. ती तिसऱ्या रांगेत बसलेल्या, आत्ता मान खाली घातलेल्या आपल्या मित्राची आहे. मी फक्त ती चौदा महिने अडकवून ठेवली होती.

तिचं नाव सॅन स्टॉर्म. बंगळूरच्या सॅन मोटर्सची दोन सीटांची, उघड्या टपाची गाडी. बॉडी फायबरची, इंजिन रेनोचं, ११४९ सीसी. आपण शाळेतून बाहेर पडलो त्याच्या पुढेमागे ती निघाली. बनल्या थोड्याच. आपल्या मित्राने पुण्यात असताना एक जुनी घेतली आणि मला फोन केला, "आपल्या पोरांना घेऊन बांधावर चक्कर मारू." दोन सीटांच्या गाडीत पोरं कशी मावणार हे मी तेव्हाही विचारलं होतं.

नागपूरला आणताना वाटेत पाण्याचा पाइप फुटला. काटा लालमध्ये गेला तरी हा चालवत राहिला. हेड गॅस्केट गेलं, हेड वाकलं. गाडी टोचनवर माझ्या गॅरेजला आली.

आता इथे माझी कबुली. ते इंजिन दुरुस्त होण्यासारखं होतं. हेड फेसिंगला द्यायचं, गॅस्केट मागवायचं. हेच इंजिन परदेशात रेनोच्या क्लिओ, ट्विंगो अशा साध्यासुध्या गाड्यांत हजारोंनी आहे. हे मला पहिल्या दिवशी माहीत होतं. पण गॅस्केट बदलणारा मेकॅनिक म्हणून कोण ओळखतो? मला वेगळंच सुचलं. नाशिकला महिंद्रा-रेनोची लोगन बनायची, २००७ पासून. तिचं पेट्रोलचं मोठं इंजिन १५९८ सीसीचं. तेही रेनोचंच. मला वाटलं, घराणं एकच आहे, म्हणजे पत्रिका जुळल्यातच जमा! मी मित्राला म्हणालो, "सहा आठवडे दे. गाडी उडेल." त्याने पैसे पाठवले. दोन लाख ऐंशी हजार. कशाला म्हणून एक शब्द विचारला नाही.

भंगारातून अपघातात गेलेल्या लोगनचं इंजिन आणलं, गिअरबॉक्ससकट. चेन पुलीवर टांगून स्टॉर्ममध्ये सोडलं, आणि पहिल्याच दिवशी कळलं की घराणं एक असलं तरी अंगकाठी वेगळी. माउंटिंगची भोकं जुळत नाहीत. बॉनेट दोन बोटं उघडं राहतं. जुने ड्राइव्ह शाफ्ट लांबीला बसत नाहीत. ते लेथवर नवे करून घेतले, पहिला जोड चुकला, दुसरा बसला. त्या गिअरबॉक्सची एक खोड अशी, की डाव्या बाजूचा शाफ्ट ओढला की आतलं सगळं ऑइल अंगावर येतं. मला माहीत होतं. तरी दोनदा अंघोळ झाली.

सम्प खाली क्रॉस मेंबरला टेकत होता. क्रॉस मेंबर म्हणजे गाडीच्या पुढच्या सांगाड्यातली आडवी पट्टी, पुढची चाकं तिच्या आधारावर सरळ राहतात. एका रात्री साडेअकरा वाजता, पोरं घरी गेल्यावर, मी ग्राइंडर घेतला आणि तिचा मधला भाग कापला. मित्राला विचारलं नाही. इंजिन बाहेर काढता येतं, कापलेलं लोखंड परत येत नाही. पाठक्रमात आपल्याला सायन्सचे सर प्रत्यक्ष दाखवायला धानगिरणीत घेऊन गेले होते, आठवतं? मोठी पुली, छोटी पुली, मधला पट्टा. मी गुणोत्तराचं उत्तर बरोबर काढलं होतं आणि सरांनी पाचपैकी दोन गुण दिले होते, रीत लिहिली नव्हती म्हणून. सर, तुम्ही हसताय, पण ग्राइंडर बंद केल्यावर मला खरोखर तेच दोन गुण आठवले.

नवीन पट्टी वळवून, वेल्ड करून बसवली. बॉनेटला फुगवटा केला. इंजिन बसलं. सेल्फ मारला. फिरतं, पण पकडत नाही. पेट्रोल येतंय, पण ठिणगी नाही. एकोणीस दिवस मी वायरी मोजल्या. शेवटी लक्षात आलं की लोगनच्या किल्लीच्या डोक्यात एक चिप असते. गाडीतला डबा ती ओळखतो आणि इंजिनच्या कॉम्प्युटरला 'हो' सांगतो. तो 'हो' आल्याशिवाय इंजिन चालायचं नाही. मी कॉम्प्युटर आणला होता, डबा आणि किल्ली आणली नव्हती. भंगारवाल्याकडे परत गेलो. डबा ढिगाऱ्यात सापडला. किल्ली त्याच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेली होती, खाली लिंबू-मिरची. त्याने मला ती फुकट दिली, कारण त्या किल्लीचा उपयोग जगात फक्त मला होता.

इंजिन लागलं. काय आवाज होता! गॅरेजमधली पोरं नाचली. मी आवारातच गाडी फिरवली. तेवढ्यातही कळलं. नाक जड झालं होतं, दुसऱ्या गिअरला दाबलं की स्टिअरिंग हातातून ओढलं जायचं. तरी मी मित्राला व्हिडिओ पाठवला. आवाजाचा. स्टिअरिंगचा नाही.

मग आरसी बुकावर नवीन इंजिन चढवायला गेलो. हे काम सगळ्यात आधी करायचं असतं, मी सगळ्यात शेवटी केलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. बनवणाऱ्याने दिलेल्या तपशिलापेक्षा आरसीतला तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. परवानगी घेऊन त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन घालणं निराळं, ११४९ च्या जागी १५९८ घालणं निराळं. समोरच्या माणसाने शांतपणे समजावलं. वर विचारलं, "अपघात झाला तर विमा कोण देईल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या संध्याकाळी फोन केला. सगळं सांगितलं, क्रॉस मेंबरसकट. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग तो एवढंच म्हणाला, "काहून बे, मला विचारायचं तरी होतं." आणि फोन ठेवला. पाच महिने आम्ही बोललो नाही. पहिलीपासून एका डब्यात जेवणारी माणसं. मागच्या वर्षीच्या मेळाव्याला तो आला नाही, तुम्ही सगळ्यांनी मला कारण विचारलं, आणि मी 'कामात असेल' म्हणालो. आज खरं सांगितलं.

त्या पाच महिन्यांत मी उलटा प्रवास केला. लोगनचं इंजिन उतरवलं. फ्रेमचं काम माझ्याहून चांगल्या वेल्डरकडून, जिगमध्ये बसवून, मूळ मापाला आणून घेतलं. खर्च माझा. जुनं हेड फेसिंगला दिलं. गॅस्केटचा संच आपल्याच वर्गातल्या शारजाच्या मैत्रिणीने हातातल्या सामानात आणला. विमानतळावर तिला विचारलं, हे काय, तर तिने सांगितलं, "वर्गमित्राची अब्रू." हा विनोद तिचा आहे, माझा नाही.

गाडी लागली तेव्हा मी मित्राला व्हिडिओ पाठवला नाही. नुसतं लिहिलं, जुनंच इंजिन, जुनाच आवाज, येऊन बघ. तो आला. बॉनेट उघडलं, खाली वाकून टॉर्चने वेल्ड पाहिले, दहा मिनिटं पाहिले. मग म्हणाला, "चहा सांग."

काल आम्ही दोघं नागपूरहून कोहमाऱ्यावरून इकडे आलो. साठच्या वर गेलो नाही. टप उघडा, दोन्ही बाजूंना धान कापून झालेली शेतं, आणि वळणावर बांधाचं पाणी दिसलं तसा त्याने गाडी बाजूला घेतली. कोलू पाटलांनी अठराव्या शतकात बांधलेला हा तलाव. कोहळी लोकांनी कुठल्या यंत्राने पाणउतार मोजला असेल, यावर आम्ही अर्धा तास वाद घातला. पाच महिन्यांचं बोलणं राहिलं होतं, ते तिथे निघालं. काय बोललो ते सांगणार नाही.

लोगनचं इंजिन माझ्या गॅरेजमध्ये स्टँडवर आहे. आयटीआयची पोरं त्याच्यावर शिकतात. किल्ली मी खिळ्याला टांगून ठेवली आहे. मित्राचे एक लाख दहा हजार अजून द्यायचे आहेत. तो नको म्हणतो, मी हप्ते पाठवतो.

जेवणानंतर ज्यांना चक्कर मारायची त्यांनी मोहाच्या झाडाखाली यावं. एका वेळी एकच. सरांचा नंबर पहिला. आणि बॉनेटला कोणी हात लावू नका, त्याची कडी अजून मलाच लागते.