अडणें आणि अडविणें

गति थांबविण्याच्या क्रियेला मराठींत शब्दांची वाण नाहीं: थांबविणें, रोखणें, आवरणें, थोपविणें, अडविणें. वरवर पाहतां हीं सारीं एकाच अर्थाचीं वाटतात. पण त्यांची अदलाबदल घरांतल्या लहान मुलाच्या कानालाही खटकते. राग आवरतात, श्वास रोखतात, हल्ला थोपवितात आणि वाट अडवितात. 'राग अडविला' असें कोणी म्हणत नाहीं.

ह्यांपैकीं अडणें आणि अडविणें ह्या जोडीचा संसार मोठा आहे. चढावर गाडी अडते, पैशांवांचून लग्न अडतें, प्रसूतींत बाई अडते. ह्या अडण्यांत नुसता खोळंबा नाहीं. पुढें जाण्याची निकड आहे आणि दुसऱ्याच्या मदतीची अपेक्षा आहे. म्हणूनच अडलेल्या हरीला गाढवाचे पाय धरावे लागतात. उलट, ज्याला कोणाची गरज नाहीं तो ताठ मानेनें म्हणतो, 'माझें कांहीं अडत नाहीं.'

अडणें हें अकर्मक क्रियापद आहे. 'गाडी अडली' एवढें म्हटलें कीं वाक्य पुरें होतें. दोष चिखलाचा कीं गाडीवानाचा, तें सांगावें लागत नाहीं. अडविणें म्हटलें म्हणजे मात्र अडविणारा कोणी तरी आलाच. कचेरींतला कारकून 'तुमचा कागद अडला आहे' असें सांगतो, तेव्हां तो व्याकरणाच्या आडोशाला उभा असतो. कागद कांहीं आपण होऊन अडत नाहीं. घोडें कोठें पेंड खात आहे, हें मग विचारावें लागतें. 'कोणीं अडविला?' ह्या प्रश्नांतल्या एका 'वि'नें जबाबदार माणूस समोर येतो. दुसऱ्याची निकड ओळखून कोणी मुद्दाम अडवीत असेल, तर त्यासाठीं भाषेनें 'अडवणूक' हा जळजळीत शब्द राखून ठेविला आहे.

तरीही अडविणें हें क्रियापद मुळांत दुष्ट नव्हे. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या काळांत महाराष्ट्रांत 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा गांवोगांव पोंचली. ओढ्याला बांध घातला कीं पाण्याचा वेग मोडतो, वाहून जाणारी माती मागें राहते, आणि मुरलेलें पाणी आसपासच्या विहिरींना मिळतें. पावसाळ्यांत अडविलेलें पाणी पुढें घागरींत येतें.

तेव्हां दोष शब्दाचा नाहीं. कोणाला आणि कशासाठीं अडविलें, ह्यावर त्या कृत्याचें पाप किंवा पुण्य ठरतें. 'अडलें' असें कानीं आलें, तर आधीं हात द्यावा. आणि तें अडलें नसून अडविलें आहे असें दिसलें, तर कर्ता कोण, हें विचारावें.