यारी आणि नांगर

जालन्याहून समुद्र रेल्वेने चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आमच्याकडे पाणी म्हटले की घाणेवाडीचा तलाव, नाहीतर उन्हाळ्यातला टँकर. २०१५ साली जिल्ह्यात ड्राय पोर्टची कोनशिला बसली, तेव्हा आम्हा प्राध्यापकांच्या खोलीत थट्टा चालली होती, की बंदर आधी येते आहे, समुद्र मागाहून येईल. अशा गावचा पदार्थविज्ञानाचा एक मास्तर शिडाच्या नौकेवर नांगर उचलण्याचे यंत्र कसे बसवतात हे सांगू लागला, तर ‘सर, तुमचे तिथे काय काम?’ असे कोणीही विचारील. माझे काम एवढेच, की मी यारी पाहिली आहे.

यारी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. विहीर खणताना फुटलेला दगड नि मुरूम वर काढावयाचा, तर काठावर सांगाडा उभा करतात. त्यात एक आडवा रूळ, रुळावर दोर, आणि दोन्ही टोकांना फिरवावयाचे दांडे. पुढे इंजिनाच्या याऱ्या आल्या. मी म्हणतो ती हाताची. अंबड तालुक्यातल्या आमच्या शेतात विहिरीचे काम चालू होते आणि मी तिसरीत की चौथीत होतो. भरलेले टोपले निम्म्यावर आले असता पलीकडच्या गड्याचा घामेजला हात सुटला. सगळा भार वडिलांच्या दांड्यावर आला, तोही निसटला, आणि उलटा फिरत त्यांच्या मनगटावर बसला. खाली दोन माणसे होती. कडेला चिकटली म्हणून वाचली. वडिलांचे मनगट वाकडे जुळले ते आजतागायत. त्या यारीला खिटी नव्हती. दातेरी चाकात पडून उलटा फेर अडवणारी लोखंडाची एवढीशी जीभ. ती असती, तर टोपले जागच्या जागी लटकून राहिले असते.

शिडाच्या नौकेवरचे विंडलस म्हणजे नौकेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बसवलेली यारीच. दोराऐवजी साखळी आणि टोपल्याऐवजी नांगर. आणि नांगर हा शब्द पाहा! जमिनीत घुसणारा तोही नांगर, समुद्राच्या तळात घुसणारा हाही नांगर; आपल्या भाषेने दोघांना एकच नाव दिले आहे. १९३३ साली केंब्रिजच्या जी. आय. टेलर या भौतिकशास्त्रज्ञाने लहान नौकांसाठी नवा नांगर काढला, तो थेट शेतातल्या फाळासारखा. ओढावा तसा तो चिखलात अधिक खोल जातो. टेलरसाहेबांना स्वतःला शिडाच्या नौकेचा नाद होता. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्यालाही असले नाद परवडतात, हे मी घरी अधूनमधून सांगत असतो.

आता थोडे आकडे. चाळीसेक फुटी नौकेला दहा मिलिमीटर जाडीची साखळी लागते. मीटरला सुमारे २.३ किलो, साठ मीटर घेतली तर जवळजवळ १४० किलो. वर नांगर वीस किलोचा. बारा मीटर खोल पाण्यात नांगर टाकला, तर सरळ वर उचलावयाचे वजन अर्ध्या क्विंटलच्या आतच भरते. मग एकूण वजनाच्या तिप्पट-चौपट ओढणारे, म्हणजे ५०० ते ६०० किलोंचे यंत्र कशाला? तर चिखलात रुतलेला नांगर सुटताना हट्ट करतो, आणि वर वाऱ्याचाही जोर असतो. वारा दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. तेवढ्या रेट्याविरुद्ध नौका यंत्राने ओढून नेऊ नये. इंजिन लावून हळू पुढे जावे आणि सैल पडेल तेवढी साखळी विंडलसने गोळा करावी.

हे सारे मला शिकवले माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. तो आमच्याच तालुक्यातला, गोव्यात नौकांच्या कामावर आहे. गोव्यातल्या दिवाडी बेटावर ‘म्हादेई’ ही छप्पन्न फुटी शिडाची नौका बांधली गेली आणि तीतून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघून, चार ठिकाणी थांबत, मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. ते कात्रण या पोराने होस्टेलच्या भिंतीला लावले होते. बी. एस्सी. झाला नि सरळ समुद्रावर गेला. आईवडिलांनी मला बोल लावला तो वेगळाच.

एका मेअखेरीस तो एका अडतीस फुटी नौकेवर होता. किनाऱ्याजवळ नांगर टाकून सगळे निजले. साखळी विंडलसच्या चाकावर तशीच ताठ राहिली होती. खिटी होती, यंत्र मजबूत होते, मग भीती कसली? रात्री वारा फिरला. लाटेवर नाळ उचलली जाई, साखळी ताणली जाई, आणि दर लाटेला यंत्राला एक हिसका. खिटी काही मोडली नाही, डेकच उपटले! विंडलस खालच्या तुकड्यासकट उखडले, साखळी सुसाट सुटली, आणि अडवू पाहणाऱ्या या पोराच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे पेर गेले. नौका वाचली ती एका दोरामुळे. साखळीचे आतले टोक नायलॉनच्या दोराने नौकेच्या सांगाड्याला बांधलेले होते, त्या दोराने ती धरली. तिथे लोखंडी कडी घालीत नाहीत, कारण दुसरे गलबत अंगावर येऊ लागले तर साखळी सोडून पळावे लागते. दोर सुरीने कापता येतो.

गेल्या दिवाळीच्या सुटीत त्याच नौकेवर नवे विंडलस बसवावयाचे होते आणि त्याने मला बोलावले. पहिला दिवस नुसत्या मापांत गेला. नाळेवरच्या गडगडीतून येणारी साखळी यंत्राच्या चाकात सरळ रेषेत उतरली पाहिजे. चाकातले खळगे साखळीच्या कड्यांना जुळले पाहिजेत. दहा मिलिमीटरची साखळी आणि तीन अष्टमांश इंचाची साखळी डोळ्यांना सारख्याच, पण एकीच्या चाकावर दुसरी घसरते. खाली साखळीच्या कप्प्यात फूटभर तरी मोकळी पडझड हवी, नाहीतर ढीग वर येऊन तोंड बंद करतो.

दुसऱ्या दिवशी भोके पाडली. डेक म्हणजे वरखाली फायबरग्लास आणि मध्ये बाल्सा नावाचे हलके लाकूड. भोकाच्या कडेने पाणी त्यात शिरले की ते आतल्या आत कुजते आणि वरून काही दिसत नाही. जुन्या जागेचे लाकूड मी बोटाने उकरले, ओल्या भुशासारखे हाताला आले. ते सगळे कोरून काढले, पोकळीत इपॉक्सी भरले, वाळल्यावर पुन्हा भोके पाडली. डेकखाली जाड ॲल्युमिनियमची पाटी दिली, म्हणजे बोल्टांचा ताण पसरतो. पूर्वी तिथे नुसते वायसर होते. पाटीचा खर्च वाचवावा असे मालकांच्या मनात होते. माझ्या विद्यार्थ्याने काही न बोलता हात पुढे केला.

विजेचा भाग आपल्या शेतकऱ्यांना चटकन समजेल. घरच्या २३० व्होल्टांवर हजार वॅटच्या यंत्राला चार-साडेचार अँपिअर पुरतात. नौकेवर बारा व्होल्ट, म्हणजे ८३ अँपिअर. तार बारीक घेतली तर दाब वाटेतच मरतो, मोटार कण्हते आणि तापते. कमी दाबाने विहिरीवरच्या मोटारी जळतात, तसाच हा प्रकार. म्हणून अंगठ्याएवढी केबल टाकली आणि बॅटरीपाशी ब्रेकर बसवला.

आणि शेवटी खुंट. म्हैस बांधताना आपण दावे हातात धरून रात्रभर बसत नाही, खुंट्याला बांधतो. मांडवीत चाचणी घेतली तेव्हा नांगर रुतल्यावर त्याने साखळीत एक आकडा अडकवला, आकड्याचा आठ-दहा मीटरचा नायलॉनचा दोर नाळेजवळच्या भक्कम खुंटाला बांधला आणि विंडलसने हातभर साखळी आणखी सोडली. आता ओढ दोरावर होती. दोर ताणला जाई, पुन्हा आखडे. यंत्रापाशी साखळी सैल लोंबत होती. त्याने ती आखूड बोटाने हलवून दाखवली.

गावी आल्यावर वडिलांना मोबाईलवर फोटो दाखवले. चष्मा वर करून त्यांनी ते यंत्र बराच वेळ पाहिले.

‘‘खिटी हाये का हिला?’’ ते म्हणाले.

‘‘आहे, दादा.’’

‘‘मग त्या पोराचं बोट कसं काय गेलं?’’

मी खुंटाचा फोटो काढून पुढे केला.