वसईचा बेत

अंधेरी-बोरिवलीकडील श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या घरीं स्पेनमधील सेव्हिल शहर व भोंवतालचा अँदालुसिया प्रांत पाहण्याचे बेत चालत असतील. बेत उत्तमच, परंतु स्पेनच्या राजाचें एक जुनें शहर बोरिवलीहून लोकलनें थोड्याच अंतरावर आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. १५३४ सालीं पोर्तुगीजांच्या हातीं आलेली वसई १५८० ते १६४० हीं साठ वर्षें, पोर्तुगालच्या गादीबरोबरच, स्पेनच्या राजाकडे होती.

बेत हिवाळ्यांतील सकाळचा आंखावा. वसई रोड स्टेशनावरून किल्ल्याकडे जावयास वाहन मिळतें. बहुतेक मंडळी दरवाजापाशीं छायाचित्रें घेऊन तासाभरांत परततात, हें शोचनीय होय. फ्रान्सिस्कन मठाच्या पडक्या चर्चमध्यें जमिनींत पोर्तुगीज थडग्यांच्या शिळा बसविलेल्या आहेत. वर छप्पर नाहीं. त्यामुळें पावसानें व पादत्राणांनीं त्यांवरील अक्षरें झिजत चाललीं आहेत. तीं वाचावयाचीं तर आतांच वाचलीं पाहिजेत. आणि जोडे काढूनच तेथें वावरावें!

चर्चच्या घंटा मात्र तेथें शोधूं नयेत. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई घेतल्यावर मराठ्यांनीं त्या नेल्या. एक भीमाशंकरास, दुसरी वाईजवळील मेणवलीस पाहावयास मिळते.

दुसरा दिवस परिसरासाठीं ठेवावा. पंडित भगवानलाल इंद्रजींनीं १८८२ सालीं उत्खनन केलेला सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप अवश्य पाहावा. परततांना बोरिवलीस उतरून मंडपेश्वराचीं लेणीं गांठावींत: खालीं शिवाचें स्थान, आणि माथ्यावर पोर्तुगीज इमारतीच्या उघड्या भिंती.