यादी कुठे संपवायची?



भातकाढणी तोंडावर आलेली असताना शारदीय व्याख्यानमालेला एवढी गर्दी झाली, म्हणजे विषय घराघरांतला आहे. मुळशीला इंजिनियरिंग काही नवं नाही. शंभर वर्षांपूर्वी टाटांच्या धरणात इथली गावं गेली, 1921 साली सत्याग्रह सुरू झाला, पुढे सेनापती बापट तुरुंगात गेले आणि इथल्या पाण्यावर भिऱ्याला तयार झालेली वीज मुंबईला गेली. आज हिंजवडी आणि माण याच तालुक्यात आहेत. तिथल्या काचेच्या इमारतींत आपली पोरं फक्त जमीन विकणाऱ्याची मुलं म्हणून ओळखली जाऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

आता मुद्द्याचं: इंजिनियरिंगचा प्रवेश. पालक विचारतात, "एक्क्याण्णव पडले तर मिळेल का?" ‘मिळेल का’ याचं उत्तर सोपं आहे: मिळेल. राज्यात इंजिनियरिंगच्या जागा दोन लाखांच्या घरात आहेत आणि 2025 मध्ये पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटाची सीईटी ही प्रवेश परीक्षा चार लाखांहून थोड्या अधिक मुलांनी दिली. कुठे मिळेल आणि कोणत्या शाखेला मिळेल, हा खरा प्रश्न आहे.

पहिला घोटाळा पर्सेंटाइलचा. एक्क्याण्णव पर्सेंटाइल म्हणजे एक्क्याण्णव टक्के गुण नव्हेत. शंभरातले साधारण नऊ जण तुमच्या पुढे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. चार लाखांत एक पर्सेंटाइल म्हणजे चार हजार मुलं. म्हणजे एक्क्याण्णववाल्याच्या पुढे छत्तीस हजार जण उभे आहेत आणि पंच्याण्णववाल्याच्या पुढे वीस हजार. वर जावं तशी चढण उभी होत जाते. शिवाजीनगरच्या सीओईपीला कॉम्प्युटरसाठी नव्व्याण्णवच्या पुढचे दशांश मोजावे लागतात. ही संस्था 1854 साली सुरू झाली आणि 2022 मध्ये स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाली. विश्वेश्वरय्या तिथेच शिकले. त्यामुळे राज्यभरातले वरचे नंबर आधी तिकडे वळतात. धनकवडीचं पीआयसीटी, बिबवेवाडीचं व्हीआयटी, कर्वेनगरचं मुलींचं कमिन्स कॉलेज, निगडीचं पीसीसीओई इथेही कॉम्प्युटरची रांग लांब असते. त्याच आवारात सिव्हिल किंवा मेकॅनिकलला मात्र बरेच खालचे नंबर लागतात.

सीईटी सेल दरवर्षी कटऑफची यादी जाहीर करतं. ती वाचायला शिका. तिथे आधी मेरिट नंबर असतो आणि कंसात पर्सेंटाइल. मेरिट नंबर फक्त कॅपला, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेला, नोंदणी केलेल्यांचा असतो, म्हणून रांगेतली आपली खरी जागा तो जास्त नेमकी सांगतो. रकान्यांवर ‘जीओपनएच’, ‘एलओपनएच’ अशी अक्षरं असतात. जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींच्या जागा, शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी. आपलं होम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, म्हणजे पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे. मुलीनं फक्त जीच्या रकान्यातला आकडा बघून हिरमुसायचं आणि मुलानं एलच्या रकान्यात बघून हुरळायचं, हे दरवर्षी चालतं.

गेल्या वर्षीचा आकडा यंदा तसाच राहील असं मात्र धरू नका. 2024 पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेनं कॉलेजांच्या प्रवेशसंख्येवरची वरची मर्यादा काढली. त्यामुळे कॉम्प्युटर आणि त्याच्या भाऊबंदांच्या जागा वाढल्या. जागा वाढल्या की कटऑफ सरकतो. एका वर्षाच्या कटऑफवर भविष्य सांगणाऱ्या समुपदेशकाला पैसे देण्यापेक्षा तीन वर्षांच्या याद्या समोर ठेवून घरीच रेघा मारा.

आता ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज आणि शाखांची पसंतीक्रमानं भरायची यादी. इथे हुशार मुलंही फसतात. ‘तिथे नंबर लागणार नाही, कशाला वर टाकू?’ असं म्हणून आवडीचं कॉलेज गाळतात. जागावाटप गुणवत्तेच्या क्रमानं होतं. पहिला पर्याय मिळाला नाही म्हणून दुसऱ्यावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. तेव्हा यादीची सुरुवात आवडीनं करा. शक्यतेचा हिशोब लागतो तो यादी कुठे संपवायची हे ठरवायला: शेवटी अशी चार-पाच नावं हवीत, जिथे आपला नंबर गेल्या तीनही वर्षी लागला असता आणि जिथे जायची खरोखर तयारी आहे. 2025 पासून कॅपच्या फेऱ्या चार झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसरीत पहिल्या तीनांतला, तिसरीत पहिल्या सहांतला, की तो आपोआप पक्का होतो आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. म्हणून मित्रानं टाकलं म्हणून काहीही वर टाकू नका. मिळालं तर जावं लागेल.

लवळ्याच्या टेकडीवरचं सिंबायोसिस रोज दिसतं, पण ते अभिमत विद्यापीठ आहे. त्याचा प्रवेश कॅपमधून होत नाही, शुल्काचा हिशोबही निराळा. कॅपच्या कॉलेजांतही संस्थास्तरावरच्या, म्हणजे कॉलेजनं स्वतः भरायच्या, जागा असतात. ‘डोनेशन नाही, फक्त फी’ असं कुणी सांगितलं तरी एक लक्षात ठेवा: त्या जागेवर शासनाची शिष्यवृत्ती मिळत नाही. कॅपमधून आलेल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलाला राजर्षी शाहू योजनेतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. 2024 पासून याच उत्पन्नमर्यादेतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्कात पूर्ण माफी आहे. ट्यूशन फी वेव्हरच्या पाच टक्के जागा वेगळ्या. तिथला कटऑफ चढा असतो, पण अर्जात खूण करायला पैसे पडत नाहीत. चार वर्षांत ही रक्कम लाखांत जाते. एक पायरी खालचं कॉलेज कर्जाशिवाय मिळत असेल, तर मी डोळे झाकून ते घेईन.

ताम्हिणीकडच्या मुलांनी प्रवासही मोजावा. पौडहून निगडी किंवा धनकवडी रोज करणं म्हणजे दिवसाचे तीन-चार तास रस्त्यात. वसतिगृह धरूनच खर्च मांडा. आणि सीईटी बिनसलीच, तर बारावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येता येतं. तिथे सीईटी नाही, डिप्लोम्याचे गुण चालतात. या वाटेला आपल्याकडे उगाच कमी लेखतात.

शेवटचं सांगणं पालकांना. जातवैधता नसेल किंवा नॉन-क्रीमिलेअरची मुदत संपलेली असेल, तर राखीव प्रवर्गातलं मूल खुल्या रांगेत ढकललं जातं आणि आतापर्यंतचा सगळा हिशोब कोलमडतो. नॉन-क्रीमिलेअरसाठी जूनमध्ये तहसीलला रांग लागते, तेव्हा ते आधीच काढा. जातवैधतेचा अर्ज बारावीच्या कॉलेजमार्फत करता येतो. दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्याच आठवड्यात तो द्या आणि पोचपावती जपून ठेवा.