शिरगणती आणि सीमारेषा
(कट्टा येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनात झालेले भाषण)



प्रभागांच्या सीमा हा महानगरपालिकेच्या कचेरीतला विषय; ज्ञातिसंमेलनात त्याचे प्रयोजन काय, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. परंतु आपले घर कट्ट्यास आणि बिऱ्हाड मुंबईस. अशा समाजाला शिरगणतीचा परिणाम दोन्ही ठिकाणी भोगावा लागतो.

प्रथम गावची गोष्ट घेऊ. २००१ साली सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ साली ती ८,४९,६५१ भरली. माणसे चाकरीसाठी गेली आणि घरांना कुलुपे लागली. माणूस राहतो तेथे मोजला जातो. त्याचे कुलदैवत कोठे आहे, हे प्रगणक विचारीत नाही. २००१ च्या आकड्यांवरून २००८ साली मतदारसंघांची पुनर्रचना झाली, तेव्हा जिल्ह्यातील विधानसभेच्या चार जागांच्या तीन झाल्या. मालवण मतदारसंघ संपला आणि २००९ पासून आपला तालुका कुडाळ मतदारसंघात मत देऊ लागला. बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांना लोकसभेत पाठविणारा राजापूर मतदारसंघही त्याच वेळी इतिहासजमा झाला.

गावात उणे झालेले वजन मुंबईत तरी वाढले काय? गिरगाव, परळ, लालबाग येथील चाळींत एके काळी आपली वस्ती दाट होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, जागा महागल्या आणि आपली बिऱ्हाडे दूर उपनगरांत पांगली. २०११ च्या जनगणनेवरून २०१७ च्या निवडणुकीसाठी मुंबईचे २२७ प्रभाग नव्याने आखले गेले, तेव्हा शहर विभागातील सात प्रभाग कमी होऊन ते उपनगरांकडे गेले.

हा अन्याय झाला, असे आम्ही म्हणत नाही. माणसे जिकडे गेली तिकडे प्रतिनिधी जावा, हे न्यायाचेच आहे. अन्याय होतो तो मोजणी लांबल्यामुळे. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. त्या वर्षी वाढीव लोकसंख्येच्या अंदाजावर मुंबईचे प्रभाग २३६ करण्याचे ठरले; २०२२ मध्ये नव्या सरकारने ते पुन्हा २२७ केले; २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने २२७ ची संख्या ग्राह्य धरली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वादही न्यायालयात होताच. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि मतदान झाले ते जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षे नळाचे, गटाराचे गाऱ्हाणे घेऊन जावे असा नगरसेवकच मुंबईकरास नव्हता.

आता आपले कर्तव्य काय? नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी ठरली असून, १९३१ नंतर प्रथमच तीत देशभर सर्व जातींची नोंद व्हावयाची आहे. निवृत्त होऊन जे कट्ट्यास कायमचे राहावयास आले, त्यांनी मुलांच्या मुंबईतील कुटुंबात आपले नाव घालू नये, येथेच नोंदवावे. मुंबईकरांनी मुंबईत नोंदवावे. गावच्या प्रेमापोटी दोन्हीकडे नाव देणे हे प्रेम नव्हे, असत्य होय.

दुसरे असे की, प्रभागाचा प्रारूप नकाशा प्रसिद्ध होतो, हरकती मागविल्या जातात, सुनावणीही होते. त्या दिवशी आपण कोठे असतो? एकच वस्ती दोन प्रभागांत तोडली गेल्यावर चहाच्या दुकानात हळहळण्यापेक्षा मुदतीत एक लेखी हरकत देणे अधिक उपयोगाचे. मंडळाच्या मुंबई शाखेतील तरुणांनी हे काम अंगावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

मात्र आपल्या ज्ञातीची घरे एकत्र यावीत म्हणून रेषा वळवा, असे आपण कधीही मागू नये. रस्ता आणि पाणी सर्वांचे असते. वस्ती अखंड राहावी, एवढेच मागणे शेजाऱ्यांना बरोबर घेऊन मागू या.