घरासाठी छोटा डिजिटल कॅमेरा कोणता घ्यावा?

(मंडळाच्या जुलै 2009 मधील कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला विषय दिला, की घरासाठी स्वस्तातला डिजिटल कॅमेरा कसा निवडावा ते सांगा. आम्ही काही फोटोग्राफर नाही. डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलो आणि नाल्या, पुलिया, शाळाखोल्या मोजता मोजता वीस वर्षं गेली. हल्ली कामाच्या फाइलला फोटो जोडावे लागतात, म्हणून कॅमेरा हाती आला. आमच्या खात्यात एम.बी. म्हणजे मेजरमेंट बुक. मेमरी कार्डावरची एम.बी. निराळी, हे कळायलाच आम्हाला दोन दिवस लागले! तरी दोन कॅमेरे घेतले, त्यातला पहिला चुकला, आणि त्या चुकीतून जे शिकलो ते आज सांगतो.

आधी चूकच सांगतो. गेल्या वर्षी नागपूरला गेलो आणि सीताबर्डीच्या एका दुकानातून पातळ, चकचकीत, बारा मेगापिक्सेलचा कॅमेरा आणला. दुकानदार म्हणाला, जितके मेगापिक्सेल जास्त तितका फोटो चांगला. आम्ही मान डोलावली. नऊ हजार मोजले.

कोजागिरीला सौंसरजवळ आमच्या गावी सगळे जमलो होतो. आमची मोठी आई तेव्हा ऐंशीच्या घरात होती. भुलाबाईची गाणी तिला इतकी पाठ, की गावातल्या सुना तिला विचारून पुढची ओळ म्हणत. त्या रात्री किती तरी वर्षांनी ती स्वतःहून गायला बसली. आम्ही कॅमेरा काढला, व्हिडिओ सुरू केला, आणि चाळीस सेकंदांत पडद्यावर लाल खूण येऊन कॅमेरा बंद! संध्याकाळभर पोरांचे आणि दुधाच्या पातेल्याचे फोटो काढण्यात बॅटरी संपली होती. ती बॅटरी त्याच कॅमेऱ्याची, चपटी, गावात कुठे मिळणार? चार्जर होता, पण लाइट नव्हती. मोठी आई सलग तासभर गायली. शेवटी म्हणाली, "उतरलं का रे बापू तुह्या डबीत?" आम्ही म्हटलं, उद्या लाइट आली की पुन्हा म्हण. ती हसली. "गाणं म्हणजे दूध नोहे बापू, पुन्हा तापवाले."

पौषात ती गेली. तेरवीला लावायला फोटो शोधला, तर तिचा एकटीचा एकही नाही. शेवटी मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. नाक-डोळे ठिपक्यांत हरवले. नातवंडं विचारत होती, ही कोण?

म्हणून आमचं पहिलं सांगणं असं, की दुकानात जाण्याआधी घरी बसून ठरवा, कॅमेऱ्याकडून काम काय घ्यायचं आहे. आपल्यापैकी बहुतेकांची कामं तीनच. घरातल्या माणसांचे फोटो, सणवार आणि म्हाताऱ्या माणसांचा आवाज. याला पाच ते सात हजारांचा कॅमेरा पुरतो.

आता मेगापिक्सेल. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. अल्बममध्ये लावतो तो चार बाय सहा इंचांचा फोटो, इंचाला 300 ठिपके धरले तर 1200 गुणिले 1800, म्हणजे 21 लाख 60 हजार ठिपके. दोन मेगापिक्सेलपेक्षा थोडे जास्त. कागदाच्या पूर्ण ए-फोर पानाला सुमारे 87 लाख. म्हणजे भिंतीवर लावायच्या फोटोलाही आठ-दहा मेगापिक्सेल भरपूर झाले. आज बाजारात त्याहून कमीचा नवा कॅमेरा शोधूनही सापडायचा नाही.

उलट जास्तीचा तोटाच आहे. या छोट्या कॅमेऱ्यांत प्रकाश टिपणारा जो सेन्सर असतो, तो जेमतेम सहा मिलिमीटर बाय साडेचार. तुरीच्या दाण्याएवढा म्हणा. आठ मेगापिक्सेल असो की बारा, जागा तेवढीच. आपल्याकडे संत्र्याची बाग ज्याने लावली त्याला हे चटकन कळेल. सहा बाय सहा मीटरवर लावली तर हेक्टरी 277 झाडं बसतात. त्याच जागेत चारशे कोंबली तर झाडं वाढतील, पण प्रत्येकाच्या वाट्याचं ऊन कमी होईल आणि फळ बारीक राहील. सेन्सरचंही तसंच. म्हणून दिवसा छान दिसणारे फोटो संध्याकाळी दाणेदार येतात.

झूमचे दोन आकडे डब्यावर असतात. ऑप्टिकल झूम खरा, त्यात काच पुढे-मागे होते. डिजिटल झूम म्हणजे आहे तोच फोटो कापून मोठा करणं, आमच्या मोठ्या आईच्या ओळखपत्रासारखं. तो आकडा वाचूच नका. घरातल्या कामाला तीन पट ऑप्टिकल झूम पुरे. गोटमारीचा झेंडा लांबून टिपायचा असेल त्याने मात्र जास्त बघावा. जाम नदीत उतरून जवळून काढण्याचा तो फोटो नव्हे!

फ्लॅशची पोच तीन-चार मीटर. मांडवात मागच्या रांगेतून आरतीचा फोटो काढला की पुढच्यांची डोकी पांढरी आणि गणपती काळोखात, हा अनुभव सर्वांचा आहे. फ्लॅश बंद करा, कॅमेरा खुर्चीच्या पाठीवर टेकवा, दोन सेकंदांचा टायमर लावा. समईच्या उजेडातही मूर्ती सुरेख येते.

आता आमच्या मते सर्वांत मोठी गोष्ट. कॅमेरा पेन्सिल सेलवर चालणारा घ्या. तो थोडा जाड असतो, दिसायला साधा असतो. पण सेल संपला तर रामाकोन्यापासून मोहगावपर्यंत कुठल्याही किराणा दुकानात मिळतो. साधे स्वस्त सेल कॅमेऱ्यात लवकर दम तोडतात. तिथे अल्कलाइन घ्यावेत. रोजच्यासाठी चार्ज होणारे चार सेल ठेवावेत, दोन कॅमेऱ्यात, दोन खिशात. महिनाभर पडून राहिले तर ते आपोआप उतरतात. म्हणून सणाच्या आदल्या दिवशी चार्ज करावेत. यंदा आलेल्यांपैकी कॅननचा पॉवरशॉट ए480 आणि निकॉनचा कूलपिक्स एल20 हे दोन्ही दहा मेगापिक्सेलचे आहेत आणि दोन पेन्सिल सेलवर चालतात. आम्ही त्यातला एक घेतला. कोणता ते सांगत नाही, नाहीतर म्हणाल कमिशन मिळतं!

कार्डही पाहून घ्या. एसडी कार्ड सगळीकडे मिळतं आणि स्वस्त पडतं. सोनीची मेमरी स्टिक किंवा ऑलिम्पसचं एक्सडी कार्ड महाग पडतं आणि आपल्या गावात मिळणं कठीण. दोन जीबीच्या कार्डात दहा मेगापिक्सेलचे पाचशेच्या वर फोटो मावतात. व्हिडिओ मात्र पंधरा ते तीस मिनिटांत ते भरून टाकतो. गाणी घ्यायची असतील तर दुसरं कार्ड जवळ असू द्या. दुकानातच व्हिडिओ लावून स्वतःचा आवाज ऐकून बघा. घरी रेकॉर्ड करताना पंखा बंद करा आणि माणसाच्या तीन-चार फुटांवर बसा. पक्कं बिल आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का घेतल्याशिवाय पायरी उतरू नका.

वडीलधाऱ्यांना आग्फा क्लिक थ्री आठवत असेल. एका रोलवर बारा फोटो, म्हणून प्रत्येक फोटो जपून काढायचा आणि धुऊन घरी आणायचा. आता तो काळ गेला. 1935 पासून चालत आलेला कोडाक्रोम रोल बंद करत असल्याचं कोडॅकने गेल्याच महिन्यात जाहीर केलं. आता पाचशे फोटो काढतो आणि एकही धुवत नाही. कॉम्प्युटर बिघडला की सगळे गेले. म्हणून वर्षातून एकदा निवडक पन्नास फोटो धुवून घ्या, त्यांच्या मागे नाव-गाव-साल लिहा. बाकीच्यांच्या दोन सीडी करा. एक घरी, एक दुसऱ्या गावच्या नातलगाकडे.

मंडळी, 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. आपली पोरं हिंदीत शिकली, शिकून पुढे गेली, त्याचं दुःख नाही. पण आपल्या भागातली भुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या ज्यांच्या तोंडी आहेत, त्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. ती गाणी उतरवून घ्यायला भोपाळहून कोणी येणार नाही आणि मुंबईहूनही नाही. ते काम आपल्यालाच करायचं आहे आणि त्याला पाच हजारांचा कॅमेरा पुरतो.

आमच्याजवळ मोठ्या आईचा चाळीस सेकंदांचा आवाज आहे. पोरं तो लावतात, आणि ओळ अर्धी राहिली की आमच्याकडे बघतात. पुढची ओळ आम्हाला येत नाही.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसेल, कोजागिरीला उठेल. महिनाभर आपल्या हातात आहे. ज्यांना यंदा कॅमेरा घेणं जमत नसेल, त्यांनी आमचा खुशाल मागून न्यावा. फक्त सेल आपले आणावेत, आणि आणाल ते चार आणा.

गणपती बाप्पा मोरया!